फोटो सोबत जोडला आहे

पुण्यातल्या एका ८४ फ्लॅटच्या सोसायटीत तक्रारवही वॉचमनमामांच्या टेबलावर असायची. वहीला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन, पेनात शाई असेलच असं नाही, आणि पहिल्या पानावर पेन चालतंय का हे बघायला काढलेली गोल गोल वेटोळी. तक्रार लिहायची भाषा ठरलेली होती. ‘४०२ गळतंय.’ बस. पुढच्या आठवड्यात त्याच्याखाली ‘४०२ अजून गळतंय.’ तिसऱ्या आठवड्यात नुसतं ‘४०२’ आणि पुढे असं दाबून काढलेलं उद्गारचिन्ह, की ते मागच्या चार पानांवर बोटानं चाचपता यावं. चौथ्या आठवड्यात प्लंबर यायचा.

तसं बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं सुधारणं हा नव्या सेक्रेटरींचा पहिला हक्क असतो. त्यांनी जूनच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं की यापुढे तक्रार मोबाईलवरून. लिफ्टशेजारी क्यूआर कोड लागेल, तो स्कॅन केला की फॉर्म उघडेल, फॉर्ममध्ये फ्लॅट नंबर, तक्रार आणि फोटो. बटण दाबलं की समितीच्या सातही जणांना आपोआप मेल जाईल आणि मेलमध्येच फोटो दिसेल. “म्हणजे घरबसल्या गळती बघता येईल,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. तोवर घरबसल्या गळती बघायची सोय फक्त ज्यांच्या घरात गळत होतं त्यांनाच होती.

फॉर्म बनवला सी विंगमधल्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानं. एका रात्रीत. मोबदला म्हणून त्याच्या बाईकला पार्किंगमध्ये छपराखालची जागा मिळाली. दिवसाला सरासरी चार फोन या भावानं ती जागा त्याला पुढे फार महाग पडली.

पहिली तक्रार अर्थातच ४०२च्या काकूंची. त्यांनी फोटो काढायचा म्हणजे अख्खं घर कामाला लावलं. काका स्टुलावर, काकांच्या हातात टॉर्च, काकू खाली मोबाईल घेऊन. “फ्लॅश मारू नका, फ्लॅशनं ओल कोरडी दिसते.” “टॉर्च डावीकडून धरा.” “तुमचं डोकं येतंय.” एकंदर ११ फोटो निघाले. फॉर्म एका प्रश्नाला फार तर १० फायली घेतो, त्यामुळे कुठला वगळायचा यावर जेवण लांबलं. शेवटी काकांचं डोकं आलेला वगळला. तो खरं म्हणजे सगळ्यांत स्पष्ट होता.

समितीला मेल आला. फ्लॅट : ४०२. तक्रार : न्हाणीघराचे छत गळते. फोटो : आयएमजी अंडरस्कोर, तारखेचे आठ आकडे, अंडरस्कोर, वेळेचे सहा आकडे, डॉट जेपीजी. असं दहा वेळा.

सेक्रेटरींनी मुलाला फोन लावला. “अरे, फोटो कुठाय?”

“आलाय ना काका. नाव आलंय.”

“नाव वाचून प्लंबर काय करणार?”

“म्हणजे डेटा आलाय, फक्त दिसायचा बाकी आहे.”

हेच सेक्रेटरींनी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर. ते म्हणाले, “म्हणजे चेक आलाय, खात्यात पैसे नाहीत.”

मुलानं रात्री जागून नावांच्या जागी लिंक आणल्या. आता गूगल फॉर्मचा रिवाज असा, की माणसानं जोडलेला फोटो थेट फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतो आणि उत्तरांच्या तक्त्यात त्याचा फक्त पत्ता उरतो. मालक सेक्रेटरी. त्यांनी लिंक दाबली, फोटो झकास दिसला. बाकी सहा जणांनी दाबली, तर कुलपाचं चित्र आणि ‘परवानगी मागा’ असं बटण. बटण दिसलं की दाबायचं हा मोबाईल वापरणाऱ्याचा धर्म. पाच जणांनी एकेकदा दाबलं, खजिनदारांनी चार वेळा, कारण पहिल्या तीन वेळा ‘काही झालंच नाही’. सेक्रेटरींच्या पेटीत ४०२च्या एका गळतीचे नऊ परवानगी-अर्ज येऊन पडले. नोकरीत त्यांच्याकडे एवढे अर्ज कधी आले नव्हते, हे त्यांनी घरी थोड्या अभिमानानंच सांगितलं.

शिवाय असा फोटो जोडायचा तर जोडणाऱ्यालाही गूगल खात्यात शिरावं लागतं. ए विंगच्या आजोबांचं खातं त्यांच्या मुलानं न्यू जर्सीहून उघडून दिलेलं, पासवर्डही त्याच्यापाशीच. आजोबांचा नळ सकाळी अकराला तुटला तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली. नळ पुण्यात वाहतोय आणि तक्रार न्यू जर्सीत उजाडायची वाट बघत थांबलीय, असा दिवस सोसायटीनं पाहिला. आजोबांनी तोवर नळाला फडकं बांधलं. त्या फडक्याचा फोटो मात्र त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर टाकला, तो सगळ्यांना लगेच दिसला, आणि ‘सुप्रभात’च्या गुलाबाखाली गाडला गेला.

परवानग्यांना कंटाळून सेक्रेटरींनी अख्खं फोल्डरच ‘लिंक असेल त्या कुणालाही’ खुलं केलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ४०२चं छत बघायला शिरले आणि शेजारचे फोटोही बघत बसले. त्यात एकाचं पॅनकार्ड होतं, एका साखरपुड्याचे पेढे होते आणि एका पांढऱ्या गाडीचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले पाच फोटो होते. तक्रार : ही गाडी रोज दोन गाड्यांची जागा अडवते, मालकाला अक्कल नाही. गाडी अध्यक्षांची होती. त्यांनी त्याच संध्याकाळी ‘सदस्यांच्या खासगीपणाचा प्रश्न’ उपस्थित केला. फोल्डर बंद झालं. गाडी तशीच राहिली.

मग ठरलं, लिंक नको, फोटो मेललाच जोडून पाठवा. पूर्वी पत्राखाली ‘सोबत : प्रती २’ लिहून टाचणी मारायचो तसं. हे ऐकायला सोपं आहे. पण मेल ही मुळात अक्षरांची बैलगाडी. १९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला, तेव्हापासून बराच काळ तिच्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एवढंच बसायचं. मराठीला जागा नव्हती, तिथे ओल्या छताला कोण विचारतो! फोटोची रीतसर सोय व्हायला दोन दशकं लागली. नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी ‘माइम’ नावाची पद्धत बसवली आणि ११ मार्च १९९२ला बोरेनस्टाइन यांनी त्या पद्धतीचा पहिला जोडणीचा मेल पाठवला. जोडलं काय होतं? ते स्वतः ज्यात गायचे त्या चौघांच्या गाण्याच्या चमूचा फोटो आणि त्यांचंच गाणं. म्हणजे ‘बघा आमचा ग्रुप’ हा प्रकार त्या पहिल्याच दिवशी सुरू झाला. व्हॉट्सॲपला उगाच दोष देतात. मेलमधून फोटो पाठवायची गरज कुणाला पडणार, असं लोक बोरेनस्टाइनना विचारत. ते सांगत, मला कधीतरी नातवंडं होतील, त्यांचे फोटो मला मेलवर हवे आहेत. नातवंडं झाली, फोटोही आले. ४०२च्या न्हाणीघराचा विचार मात्र त्यांनी केलेला दिसत नाही.

कारण ही पद्धत फोटो जसाच्या तसा नेत नाही. आधी तो दळते. फोटोतले ३ बाइट घ्यायचे, त्यांची ४ अक्षरं करायची, ७६ अक्षरांची एक अशा ओळी पाडायच्या, आणि पलीकडच्या संगणकानं त्या ओळी मळून पुन्हा फोटो थापायचा. दळणात पीठ सांडतं हे आपल्याला माहीत आहे. इथे उलट वाढतं. तीन किलो गहू दिले की चार किलो पीठ. जीमेल जेमतेम २५ एमबीचा बोजा उचलतं, म्हणजे वाढलेलं पीठ धरलं तर फोटो १८ एमबीच्या आसपासच मावतात. काकूंचे दहा फोटो साडेचार एमबीचा एक, असे ४५ एमबीचे. मेल गेलाच नाही. तो गेला नाही हे सांगणारा मेल तेवढा आला, वेळेवर आणि अगदी स्पष्ट.

“फोटो लहान कर,” सेक्रेटरी म्हणाले.

लहान करणं मुलाला येतच होतं. या देशात ज्यानं कुठल्याही भरतीचा फॉर्म भरलाय त्याला ते येतंच. बँकांच्या आयबीपीएसच्या परीक्षेला फोटो २० ते ५० केबीत बसवावा लागतो आणि सही १० ते २० केबीत. मोबाईल फोटो काढतो ४ एमबीचा. हा हत्ती त्या उंदराच्या बिळातून नेण्यासाठी पोरं रात्रभर जागतात, नाहीतर सकाळी सेवा केंद्रात जाऊन तिथल्या दादांना पैसे देतात. दादा न बघता तीन बटणं दाबतात आणि मान न वळवता “सही पुन्हा करा” म्हणतात. मुलानं त्याच हातानं ४०२चं छत ५० केबीत बसवलं.

आता फोटो आला. खरंच आला, मेलला जोडून. फक्त आडवा.

याचं कारण ऐकण्यासारखं आहे. मोबाईल उभा धरून फोटो काढला तरी आतली काच बऱ्याचदा तो आडवाच टिपते, आणि फोटोच्या पोटात एक चिठ्ठी सरकवते : ‘हा एक चतुर्थांश फिरवून दाखवावा.’ चिठ्ठीवर फक्त १ ते ८पैकी एक आकडा असतो. मोबाईल ती चिठ्ठी वाचतो, म्हणून आपल्याला फोटो सरळ दिसतो आणि आपण समजतो तो सरळच आहे. फोटो लहान करताना मुलाच्या सॉफ्टवेअरनं वजन वाचवायला आधी चिठ्ठीच फेकली. त्यामुळे समितीच्या सातही पडद्यांवर छत भिंतीच्या जागी गेलं आणि पाणी वरून खाली न येता उजवीकडून डावीकडे वाहू लागलं. उजवीकडे ४०३.

समितीत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक सदस्य आहेत. पाणी आडवं कसं वाहतं हे त्यांनी २० मिनिटं समजावून सांगितलं. केशाकर्षण, विटांचा दर्जा, १९९० नंतरची वाळू, सगळं आलं. मान डोलवणाऱ्यांत सेक्रेटरीही होते. ४०३ला नोटीस गेली. ४०३चे गृहस्थ आपलं न्हाणीघर मुळात दुसऱ्या बाजूला आहे हे सांगायला स्वतः चालत आले. येताना घराचा नकाशा घेऊन आले, आणि एवढं करून नोटिशीचं उत्तरही ‘फॉर्मवरूनच द्या’ असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकाशाचा फोटो जोडला. तोही आडवा गेला. आडव्या नकाशात त्यांचं न्हाणीघर बरोबर ४०२ला चिकटून होतं.

आयफोनवाल्यांचं दुःख वेगळंच. ॲपलनं २०१७मध्ये फोटो साठवायची नवी जात आणली, एचईआयसी. जागा कमी खाते, चित्र चांगलं येतं, पण सोसायटीच्या ऑफिसातला विंडोजचा जुना संगणक तिला ओळख दाखवत नाही. त्यामुळे ज्यांचा फोन सगळ्यांत महाग त्यांचीच तक्रार सोसायटीत अदृश्य. बी विंगमधल्या एका ताईंनी तीन आठवडे तुंबलेल्या गटाराचे अप्रतिम फोटो पाठवले, पार्श्वभूमी धूसर वगैरे. शेवटी त्यांनी घरकामाच्या मावशींच्या फोनवरून एक काढला. तो लगेच उघडला.

आता मुलगा हट्टाला पेटला होता. जोडणी नको, मेलच्या पोटातच फोटो दाखवतो, म्हणाला. दाखवला. मोबाईलवर सुरेख. अध्यक्ष मात्र मेल बघतात घरच्या मोठ्या संगणकावर, आऊटलुकमध्ये. आऊटलुक हे गृहस्थ बाहेरून आलेली चित्रं आपणहून उघडत नाहीत, कारण मेल कुणी कधी उघडला हे टिपायला जाहिरातवाले एका ठिपक्याएवढं अदृश्य चित्र मेलमध्ये पेरून ठेवतात. खबरदारी योग्यच. पण उघडत नाही ते चित्र म्हणजे एक रिकामी चौकट आणि कोपऱ्यात छोटी लाल फुली. अध्यक्षांनी ३५ वर्षं बँकेत काढलेली. लाल फुली दिसली की अर्ज नामंजूर, इतकं त्यांना कळतं. त्यांनी मनातल्या मनात सेक्रेटरींच्या तडफेचं कौतुक केलं आणि एकामागून एक १४ तक्रारी ‘नामंजूर’ या फोल्डरमध्ये सरकवल्या.

कुणीतरी येऊन त्यांना ‘चित्रं दाखवा’चं बटण दाबून दिलं. मग भलतंच झालं. विंडोजवरचं क्लासिक आऊटलुक २००७पासून मेल दाखवायला वर्डचं यंत्र वापरत आलंय, आणि चित्र पडद्यात मावेल एवढंच दाखव ही विनंती ते यंत्र जुमानत नाही. काकूंचे मूळ फोटो ४००० ठिपके रुंद. अध्यक्षांना पडद्यावर फक्त फिकट पिवळा रंग दिसला. ते उजवीकडे सरकत राहिले. रंग तोच. खाली गेले. तोच. “भिंत चांगली आहे,” त्यांनी उत्तर पाठवलं. उत्तर गेलं फॉर्मच्या आपोआप चालणाऱ्या पत्त्यावर, तिथून लगेच परतीचा निरोप आला : ‘कृपया या मेलला उत्तर देऊ नये.’ स्वतःच्या सोसायटीकडून असं ऐकून घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

जुलैत पाऊस लागला. गूगलच्या फुकट खात्यावरची स्क्रिप्ट दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवू शकते. एका तक्रारीचे आठ मेल, सात समितीला आणि एक पोच म्हणून तक्रारदाराला. आठ बारे शहाण्णव. म्हणजे रोज १२ जणांनीच गळावं, तेराव्यानं उद्या यावं, असा नियम आपसूक तयार झाला. मोठ्या पावसाच्या दिवशी सकाळचा चहा व्हायच्या आत कोटा संपायचा. हे कळल्यावर डी विंगमधले एकजण पहाटे साडेपाचला गजर लावून, गळती सुरू व्हायच्या आधीच तक्रार भरून ठेवू लागले. फोटो ते मागच्या वर्षीचा जोडायचे.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण फोटो मागायची ही हौस काही एका सोसायटीची नाही. वीजबिलावर मीटरचा फोटो छापून येऊ लागला तेव्हाही मराठी माणसानं आपल्या मीटरऐवजी त्यावर पडलेली जिन्यातल्या ट्यूबलाइटची तिरीपच बघितली. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यातले शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर पिकाची नोंद स्वतः करतात; तलाठी चावडीत बसूनच पीक पाहतात ही जुनी थट्टा, आता शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून आपल्याच सोयाबीनचा फोटो काढायचा. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३पासून मजुरांची हजेरी ॲपवर गेली, दिवसातून दोनदा फोटो काढून. जुलै २०२५मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच पत्रक काढून सांगितलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात आणि काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढला जातो. उपाय काय? ग्रामपंचायतीनं सगळेच्या सगळे फोटो माणसाच्या डोळ्यांनी तपासावेत. मुकादमावर विश्वास नाही म्हणून फोटो आला, फोटोवर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस आला. मुकादम हे सगळं झाडाखाली बसून बघत असेल.

सोसायटीत फोटो बघायचं काम कुणाचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. सात जणांना मेल जातो म्हणजे बाकीचे सहा बघतीलच, अशी सातही जणांची खात्री होती. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये ४०२च्या काकू स्वतः आल्या. हातात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला ए-फोर कागद, काळा-पांढरा. “हा बघा फोटो,” म्हणाल्या. कागद हातोहात फिरला. बांधकाम खात्यातले सदस्य म्हणाले, हा नकाशा कुठला? खजिनदारांना कोकण किनारपट्टी दिसली. अध्यक्षांनी चष्मा काढून, लावून बघितला आणि विचारलं, “हे मेलवर का नाही पाठवलंत?”

काकू काही बोलल्या नाहीत. त्या कागद टेबलावर ठेवून निघून गेल्या, आणि जाताना वॉचमनमामांना एवढंच म्हणाल्या, “मामा, प्लंबरचा नंबर द्या.”

प्लंबर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सेक्रेटरींनी उत्साहानं मोबाईल पुढे केला, दहा फोटो, आता सरळ, योग्य आकारात, मुलानं अखेर जमवलेले. प्लंबरनं एक बघितला. “साहेब, फोटोत पाणी कळत नसतं,” असं म्हणून तो स्टुलावर चढला, तळहात छताला लावला, वास घेतला आणि वर ५०२मध्ये गेला. तिथला न्हाणी ट्रॅप पांढऱ्या सिमेंटनं भरून यायला त्याला पाऊण तास लागला. खाली येऊन त्यानं छताचा फोटो काढला. त्यात अर्धा अंगठा आला होता. तो त्यानं सेक्रेटरींना व्हॉट्सॲप केला, खाली लिहिलं ‘काम झाले’, आणि पैसे घेऊन गेला. फॉर्ममधली तक्रार क्रमांक १ अजून प्रलंबित दाखवते, कारण ती बंद करायला काम झाल्याचा फोटो जोडावा लागतो आणि अंगठ्याचा फोटो सेक्रेटरींना जोडवत नाही.

वॉचमनमामांनी कपाटातून वही काढून पुन्हा टेबलावर ठेवली आहे. सुतळी नवी आहे, पेन तेच. गेल्या सोमवारी तिच्यात एक नोंद झाली : ‘लिफ्टजवळ छत गळते. क्यूआर कोडचा कागद भिजला आहे. स्कॅन होत नाही.’

त्याच्याखाली सेक्रेटरींच्या अक्षरात : ‘फोटो जोडावा.’